माणसे चार आणि बांगडो

“घरात माणसां किती?”

भाड्याच्या घराच्या शोधात निघालेल्या माणसाला आमच्या मालवणात हा प्रश्न सर्वांत आधी विचारला जातो. मी प्रामाणिकपणे उत्तर देत असे, “चार. मी, आमचे कुटुंब, मुलगी आणि आई.” मग जरा थांबून आणि आवाज शक्य तितका मऊ करून म्हणत असे, “आणि एक बांगडो.”

वायरीच्या एका गृहस्थांनी हे फोनवर ऐकले आणि ते मनमोकळे हसले.

“आसांदे मा! आमच्याकडे पण रोजचोच आसता.”

“तसं नव्हे. आमचा बांगडो जिवंत आहे.”

पलीकडे बराच वेळ कोणी बोलले नाही. मग काळजीच्या सुरात प्रश्न आला, “जितो बांगडो घरात कित्याक ठेवतास?”

अखेर हे कुत्र्याचे नाव असल्याचे सांगावेच लागले, आणि ती जागा गेली.

मी मूळचा कऱ्हाडचा. मालवणात येऊन मराठी शिकवू लागलो त्याला पंधरा वर्षे होऊन गेली, तरी इथल्या बाजारात मी अजून ‘घाटावरचे मास्तर’च आहे. धुरीवाड्यात आम्ही एका चिरेबंदी, कौलारू घराच्या अर्ध्या भागात राहत होतो. २०२५ च्या एप्रिलात मालक आले, चहा घेतला, मुलीच्या अभ्यासाची चौकशी केली आणि दिवाळीपूर्वी जागा मोकळी करून हवी असे म्हणाले. त्यांना तिथे पर्यटकांसाठी खोल्या काढायच्या होत्या. मी त्यांना दोष देत नाही. तारकर्ली-देवबागेकडे जाणाऱ्या मोटारींची रांग ज्याने नाताळात पाहिली आहे, तो देणारही नाही. माझ्यासारखा बिऱ्हाडकरू महिनाभर राहून जे भाडे देतो, ते दोन खोल्या चांगल्या चालल्या तर सुट्टीच्या एका आठवड्यात हाती येते. शिवाय पाहुणा चौथ्या दिवशी जातो. बिऱ्हाडकरू जात नाही.

आता या बांगड्याविषयी. तौक्ते वादळ १६ मे २०२१ रोजी सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याला घासून उत्तरेकडे गेले. आमच्या आळीतली निम्मी कौले त्या दिवशी उडाली आणि माड काड्यांसारखे मोडून पडले. तिसऱ्या दिवशी मी जेटीकडे गेलो, तेव्हा एका फुटक्या होडीच्या आडोशाला तांबूस रंगाचे एक पिल्लू बसले होते. एक कान उभा, एक पडलेला, आणि तोंडात कुठून तरी पैदा केलेला एक बांगडा. ते माझ्यामागून घरापर्यंत आले. मासा मात्र त्याने वाटेत सोडला नाही. नाव ठेवण्याचे कष्ट कोणाला पडलेच नाहीत.

त्याच वर्षीच्या एप्रिलात, कोविडच्या दुसऱ्या लाटेत, माझे वडील कऱ्हाडला गेले. शेवटचे दर्शन आम्हां कोणालाच झाले नाही. आईला मी मालवणला घेऊन आलो होतो. ती जेवत होती, झोपत होती, पण बोलत नव्हती. विचारले तर मान हलवायची. पिल्लू उंबरठा ओलांडून थेट तिच्या पाटाजवळ गेले आणि मासा तिच्यासमोर ठेवून उभे राहिले. आई शाकाहारी आहे. तिने त्या पंधरा-वीस दिवसांतले पहिले वाक्य उच्चारले, “हाड मेल्या, ते नेऊन टाक आधी!” माझ्या घरात कुत्रा का आहे, या प्रश्नाचे माझ्याजवळ एवढेच उत्तर आहे. घरमालकांना ते सांगता येत नसे. सांगून पाहिले असते, तरी त्यांनी ‘आईक बरां वाटता मां आता?’ असेच विचारले असते.

जूनमध्ये शोध सुरू झाला. देऊळवाड्यात एक उत्तम घर मिळण्याच्या बेतात होते. मालक सत्त्वशील, दत्तभक्त. टेंबे स्वामींचे माणगाव आमच्या याच जिल्ह्यातले, कुडाळ तालुक्यातले. त्यामुळे दत्ताची तसबीर नाही असे घर इकडे शोधावे लागेल. यांच्या ओटीवर तर हातभर उंचीची होती. त्रिमूर्ती, मागे गाय आणि पायांशी चार कुत्रे. मला धीर आला. साहित्याच्या अध्यापकाला प्रतीकांचा आधार नेहमीच वाटतो. मी तसबिरीकडे बोट दाखवून विषय काढला. त्यांनी माझ्याकडे अशा करुणेने पाहिले, की जणू मी पहिल्या वर्षाच्या परीक्षेत नापास झालेला विद्यार्थी आहे.

“ते वेद आसत, मास्तरानू. तुमचो कुत्रो वेद आसा काय?”

माझ्या पंचवीस वर्षांच्या वाचनात याला उत्तर सापडले नाही.

रेवतळ्याच्या बाईंनी नकार स्वतः दिला नाही. “देवाक इचारून सांगतंय” म्हणाल्या. घाटावरच्या वाचकांसाठी सांगायला हवे, की कोकणात ग्रामदेवतेला कौल लावतात. देवाच्या अंगावर फुलांच्या कळ्या किंवा पाकळ्या चिकटवतात आणि गाऱ्हाणे घालून वाट पाहतात. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. लग्न, विहीर, नवी होडी, सगळे या मार्गाने जाते. मग बिऱ्हाडकरूनेच का जाऊ नये? तीन दिवसांनी उत्तर आले, “देवान डावो कौल दिल्यान.” प्रश्न भाड्याविषयी घातला होता की कुत्र्याविषयी, एवढे विचारण्याचा मोह मी आवरला. पण खरे सांगतो, सगळ्या नकारांत हा मला सर्वांत सभ्य वाटला. यात कोणी कोणाचा अपमान केला नाही.

कुंभारमाठच्या बाजूला एका नव्या इमारतीत फ्लॅट होता. तिथे नियमांची छापील यादीच होती आणि तिच्यात ‘पाळीव प्राणी आणू नयेत’ हे ‘गॅलरीत मासे वाळवू नयेत’ याच्या लगेच खाली होते. इथे मात्र मी तयारीने गेलो होतो. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० सालचा. त्याच्या आधारे १९६२ मध्ये पशुकल्याण मंडळ स्थापन झाले आणि नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल त्याच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. या मंडळाने २०१५ साली स्पष्ट परिपत्रक काढले आहे, की गृहनिर्माण संस्थेला सभासदांच्या बहुमतानेसुद्धा पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही. झालेच तर १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने प्राणिमात्रांविषयी दया हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्यच ठरवले आहे. हे सर्व मी चेअरमनसाहेबांना वाचून दाखवले. त्यांनी ते शांतपणे ऐकले आणि म्हणाले, “संस्था नाही म्हणत नाही, सर. फ्लॅटचा मालक नाही म्हणतोय.” आणि ते खरेच होते. संस्थेने काय करू नये हे परिपत्रक सांगते. एखाद्या मालकाने आपली खोली अमक्याला द्यावीच, असे सांगणारा कागद नाही.

त्यात ऑगस्ट उजाडला. ११ ऑगस्ट २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातली भटकी कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवण्याचा आदेश दिला. २२ तारखेला मोठ्या पीठाने तो बदलला आणि पिसाळलेली व हल्लेखोर वगळून बाकीची, नसबंदी व लसीकरण करून, पुन्हा त्यांच्या जागी सोडण्यास सांगितले. दिल्ली कुठे, मालवण कुठे! पण त्या पंधरवड्यात मी ज्या ज्या ओटीवर बसलो, तिथे समोर दूरदर्शन संचावर कुत्रेच भुंकत होते. बांगड्याचे रेबीजच्या लशीचे कार्ड मी खिशात घेऊन हिंडत असे. ते कोणी उघडूनही पाहिले नाही.

वाचक विचारतील, की कोकणात घरांचा दुष्काळ आहे का? मुळीच नाही. मालवणातून कुठल्याही वाडीत शिरा. गडग्यापलीकडे चिऱ्यांची भरभक्कम घरे उभी आहेत, खळ्यात रान माजले आहे, दाराला कुलूप आहे. मालक मुंबईत, ठाण्यात, डोंबिवलीत. गणपतीला आणि मे महिन्यात कुलूप निघते. उरलेले दहा-अकरा महिने घरात वाळवी राहते. तिला भाडे नाही, करार नाही. या घरांतले एखादे मिळावे म्हणून मी किती पत्रव्यवहार केला! एका घराच्या उताऱ्यावर एकोणीस नावे निघाली. त्यांतली तीन माणसे हयात नव्हती आणि दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. सगळ्यांची संमती मिळेतो माझी मुलगी पदवीधर झाली असती.

पण हिस्सेदारांची संख्या हे वरवरचे कारण झाले. खरे कारण मला एका वृद्ध वकिलांनी सांगितले. १९४८ च्या कूळकायद्याने १ एप्रिल १९५७ या दिवशी जमीन कसणारे कूळ तिचे मालक मानले गेले. कसणाऱ्यांच्या दृष्टीने ते न्यायाचेच होते. पण ज्यांची जमीन गेली त्यांच्या घरांत ती तारीख अजून मुंजीच्या तारखेसारखी लक्षात आहे. शहरांतही निराळे घडले नाही. १९४७ च्या भाडे कायद्याने भाडेकरू हलेनासा झाला, म्हणून मालकांनी ‘भाडे’ हा शब्द टाकून ‘परवाना’ हा शब्द घेतला. तर १९७३ च्या दुरुस्तीने, त्या वर्षी १ फेब्रुवारीला जे परवान्यावर राहत होते त्यांनाही भाडेकरूचे संरक्षण मिळाले. आज १९९९ चा कायदा मालकाच्या बाजूने पुष्कळ कडक आहे. करार लेखी आणि नोंदलेला हवा, आणि परवान्याची मुदत संपल्यावर जागा सोडली नाही तर दुप्पट रक्कम मोजावी लागते. पण धास्ती कायद्याबरोबर बदलत नाही. “एकदा आत इललो माणूस भायर जाणा नाय,” वकीलसाहेब म्हणाले, “आणि तुम्ही तर कुत्रा घेऊन येताय!”

तेव्हा मला उलगडा झाला. अकरा महिन्यांच्या करारामागे सगळी कल्पना अशी आहे, की माणसाने बाराव्या महिन्यात एका टेंपोत मावावे. (वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा १९०८ च्या नोंदणी कायद्याने नोंदवावा लागतो, म्हणून ही अकराची प्रथा पडली. महाराष्ट्रात आता अकराचाही नोंदवावा लागतो, तरी कोणी बारा लिहीत नाही.) कपाट टेंपोत चढते, पलंग सुटा होतो, मुले शाळा बदलतात. कुत्रा मात्र आठ दिवसांत खळ्याचा एक कोपरा आपला मानतो, गडग्याची हद्द ठरवतो आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ‘कोण?’ म्हणून विचारू लागतो. मालकालासुद्धा! म्हणून कुत्रा पाळणारा भाडेकरू मालकाला अर्धा कूळ झालेला दिसतो. भुंकणे, केस, वास ही नुसती सांगण्याची कारणे.

आता जे सांगायचे आहे ते सांगायला मला आवडत नाही. ऑगस्टच्या मध्यावर मी थकलो. नातेवाइकांची पत्रे होती, फोन होते. सर्वांचे म्हणणे एकच. एका जनावरापायी चार माणसांना रस्त्यावर आणू नकोस. देवबागेत माझ्या ओळखीचे एक रापणकर आहेत, ते म्हणाले, “आणून सोडा हंय, माश्यांक कमी नाय.” शनिवारी संध्याकाळी मी बांगड्याला स्कूटरवर पुढे उभे केले आणि निघालो. त्याला वाटले फिरायला चाललो आहोत. दहा-बारा किलोमीटर तो तोंड वाऱ्यात धरून खूश होता. तिथे त्याला माडाला बांधले. परतताना मी मागे पाहिले नाही, हे मी धैर्य म्हणून सांगत नाही.

घरी कोणी काही बोलले नाही. मुलगी दार लावून बसली. रात्री आईने नेहमीप्रमाणे भाकरी कुस्करली, तीत ताक घातले आणि ताटली मागच्या दारी ठेवली. मी म्हणालो, “आई, तो नाही आता.” ती म्हणाली, “माहीत आहे,” आणि आत गेली. पुढचा सबंध दिवस ती तेवढेच दोन शब्द बोलली. दुसऱ्या रात्री तिने पुन्हा ताटली ठेवली, तेव्हा काहीच बोलली नाही. मला २०२१ चा एप्रिल आठवला.

आणि सोमवारी मला वर्गात महाप्रस्थानिक पर्वातील कथेचा संदर्भ द्यायचा होता! विद्यार्थ्यांना ती कथा ठाऊक असतेच. युधिष्ठिर हिमालय चढतो, द्रौपदी आणि भाऊ एकेक करून पडतात, एक कुत्रा तेवढा शेवटपर्यंत सोबत येतो. आजवर मी ती धर्मनिष्ठेची कथा म्हणून सांगत आलो. त्या दिवशी फळ्याकडे पाठ करून उभा राहिलो आणि लक्षात आले, की ही जागेची कथा आहे. इंद्र हा घरमालक आहे आणि त्याची कारणे अगदी आपल्या ओळखीची आहेत. कुत्रेवाल्यांना इथे जागा नाही. कुत्र्याने अपवित्रता येते, पुण्य जाते. आणि शेवटचे, सर्वांत धूर्त कारण असे, की तू बायको सोडलीस, भाऊ सोडलेस, मग हा एक सोडायला काय हरकत? युधिष्ठिराचे उत्तर साधे आहे. ते गेले होते, त्यांना जिवंत करणे माझ्या हाती नव्हते. जिवंतपणी मी त्यांना सोडले नाही. कुत्र्याच्या रूपात खुद्द धर्म होता हे पुढे कळते. पण उत्तर देताना युधिष्ठिराला ते माहीत नव्हते, त्याच्यापुढे एक साधा कुत्रा होता. हे वाक्य बोलून मी तास दहा मिनिटे आधी सोडला, स्कूटर काढली आणि देवबागेला गेलो. रापणकर म्हणाले, “दोन दिस जेवाक नाय तो.” मी आणलेला बिस्किटाचा पुडा त्याने तिथेच कागदासकट खाल्ला.

गणपती २७ ऑगस्टला होते. गाड्या भरभरून चाकरमानी आले, कुलपे निघाली. चौके-धामापूर रस्त्याला एका वाडीतले घर पाहायला या, असा निरोप कोणाकडून तरी आला. मालक सत्तरीचे, मुंबईत नोकरी करून निवृत्त झालेले. गौरी गेल्या होत्या, ओटीवर माटवीचे सुकलेले तेरडे पडले होते. आईने हट्ट धरला म्हणून तिला आणि तिने हट्ट धरला म्हणून बांगड्यालाही बरोबर नेले होते. घर मोठे, विहीर बारमाही, मागे माड आणि हापूसची कलमे. मालकांनी माझी नोकरी विचारली नाही, जात विचारली नाही, माणसे किती तेही विचारले नाही. ते चष्मा वर करून बांगड्याकडे पाहत राहिले.

“भुकता काय?”

चार महिने मी हा कुत्रा जवळजवळ मुका असल्याची ग्वाही देत फिरत होतो. सवयीने म्हणालो, “छे छे, अजिबात त्रास नाही.” त्यांचा चेहरा पडला. आईच्या ते ध्यानात आले. “भुंकतो तर!” ती म्हणाली. “कान किटवतो. पान हललं तरी भुंकतो.”

मालक खुलले. माकडांनी त्यांची बाग नासवली होती. हे इकडचे मोठेच दुखणे आहे. टोळी येते, कोवळे नारळ खाली टाकते, कलमांची फळे चावून फेकते, कौले उलथून घरात शिरते. बंद घर म्हणजे त्यांची धर्मशाळाच. फटाके झाले, बुजगावणी झाली. उपयोग एकाच गोष्टीचा, खळ्यात हिंडणारा कुत्रा. पण कुत्र्याला जेवायला घालणारे माणूस हवे, आणि त्यांचे कोणी गावात राहायला तयार नव्हते.

“घर मिया तेका दिलंय असा समजा,” ते बांगड्याकडे बोट करून म्हणाले. “तुमी तेच्याबरोबर ऱ्हवा.”

हिस्सेदार दोनच होते आणि दोघांचे एकमेकांशी बोलणे होते. भाडे धुरीवाड्याहून कमी ठरले. माझ्या कॉलेजला रोज अर्धा तास अधिक आणि मुलीच्या शिकवणीला एस. टी.चा भरवसा, एवढी झळ सोसायची होती. करारात नेहमीच्या कलमांखाली त्यांनी स्वतःच्या हाताने एक कलम लिहिले, ‘रात्री कुत्रा घरात घेऊ नये, खळ्यात बांधावा.’ बागेत रात्रीही राखण हवी, हे उघडच होते. मी सही केली.

घटस्थापनेच्या दिवशी आम्ही राहायला गेलो. तिसऱ्या संध्याकाळी शेजारच्या वहिनी ताक घेऊन आल्या. खळ्यातली साखळी पाहून म्हणाल्या, “हंय बांधूं नकात हां. फाटल्या पावसात आमचो न्हेल्यान.” कोणी नेला, हे विचारावे लागले नाही. इकडे त्याला वाघच म्हणतात. असतो तो बिबट्या. अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यात बिबट्याच्या आहारात वजनाच्या हिशेबाने कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के निघाला होता. ते गाव घाटावरचे, उसाचे. पण इथल्या बिबट्याची आवड त्याहून फार निराळी असेल असे मानायला मला आधार नाही. साखळीला बांधलेला कुत्रा म्हणजे त्याला वाढलेले पान.

रात्री मी करार काढून ते कलम पुन्हा वाचले. शब्दांचा अर्थ लावणे हा माझा पोटाचा धंदा आहे. तरी ‘खळ्यात’ याचा ‘माजघरात’ असा अर्थ काही लावता येईना. मी कागद आईला दाखवला. तिने चष्मा न लावताच तो परत केला, उठली, मागचे दार उघडले आणि म्हणाली, “ये रे मेल्या आत.”

त्या कलमाचा भंग त्या दिवसापासून रोज रात्री साडेआठला होतो. दिवसा बांगडो माकडांवर इतका भुंकतो, की पोफळीवर यंदा शिंपुटे शाबूत आहेत आणि नारळाचे पहिले पोते मालकांना मुंबईला पोचले आहे. बिबट्याचे मात्र मी त्यांना अजून कळवलेले नाही. ते दर दिवाळीला हा अंक घेतात, असे ओटीवरच्या जुन्या गठ्ठ्यावरून दिसते.